दोन इंजेक्शने झाली, नजर तशीच आहे. तिसरे घ्यावे का?

पत्र

माननीय डॉक्टर, नमस्कार. आम्ही निपाणीजवळच्या एका गावात राहतो. माझ्या सासूबाईंचे वय ६४ आहे. त्यांना १५ वर्षांपासून शुगर आणि बीपी आहे. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी विड्या वळल्या. गेल्या काही महिन्यांपासून उजव्या डोळ्याने समोरच्या माणसाचा चेहरा पुसट दिसू लागला, म्हणून कोल्हापूरला पडद्याच्या डॉक्टरांना दाखवले. पडद्याच्या मध्यभागी सूज आहे आणि दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागेल, असे त्यांनी सांगितले. दोन घेऊन झाली, पण नजरेत फरक नाही. दुसऱ्या वेळी तर डोळ्याचा पांढरा भाग रक्तासारखा लाल झाला आणि घरातले सगळे घाबरले. दीर म्हणतात, पैसे पाण्यात चालले आहेत. शेजारच्यांनी मोबाइलवर वाचले की हे औषध कॅन्सरचे आहे. एका नातेवाइकांनी झाडपाल्याचे थेंब आणून दिले आहेत. सासूबाई म्हणतात, ‘माझ्या डोळ्यापायी नातवंडांच्या फीचे पैसे घालू नका.’ तिसऱ्या इंजेक्शनची तारीख टळून आठ दिवस झाले. बेळगावला योजनेत बसेल असे कोणी सांगते, पण तिथले कागद कन्नड आणि इंग्रजीत असतात आणि आम्हा दोघींनाही ते वाचता येत नाहीत. पुढे जावे की थांबावे?

— एक सून

उत्तर

ताई, तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तिसरे इंजेक्शन घ्यावे आणि त्यासाठी याच आठवड्यात दवाखान्यात फोन करून नवी तारीख घ्यावी. आठ दिवसांच्या उशिराने फारसे बिघडलेले नसते. मात्र आठाचे पंधरा आणि पंधराचे दोन महिने होतात तेव्हा आधीच्या दोन इंजेक्शनांनी मिळवलेलेही हातचे जाते. नातेवाइकांनी दिलेले थेंब डोळ्यात घालू नयेत. बाकीच्या शंका रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे तुमच्या घरातल्या सगळ्यांना मिळायला हवीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अनेक वर्षे रक्तातली साखर वाढलेली राहिली की डोळ्याच्या पडद्यातल्या, म्हणजे दृष्टिपटलातल्या, केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. काही वाहिन्या बंद पडतात आणि तिथल्या पेशींना प्राणवायू कमी पडू लागतो. अशा वेळी पडद्यातून एक प्रथिन जास्त प्रमाणात तयार होते, ज्याला वैद्यकात व्हीईजीएफ म्हणतात. नव्या रक्तवाहिन्या वाढवणे हे या प्रथिनाचे काम असले तरी त्याच्यामुळे आहेत त्या वाहिन्याही पाझरू लागतात. तो पाझर पडद्याच्या नेमक्या मध्यबिंदूत साचला की वाचन, शिवण, तांदूळ निवडणे, चेहरा ओळखणे अशी बारीक कामे अडतात. कडेची नजर मात्र शाबूत राहते, म्हणून माणूस घरात सहज वावरतो आणि आजार किती वाढला आहे हे इतरांच्या लक्षात येत नाही. सासूबाईंना चेहरा पुसट दिसतो याचे कारण हेच आहे. इंजेक्शनातले औषध त्या व्हीईजीएफला अडवते, त्यामुळे पाझर थांबतो आणि साचलेले पाणी हळूहळू शोषले जाते.

उसाच्या शेतातली पाइपलाइन फुटून सरीत पाणी तुंबले तर पाइप दुरुस्त केल्याच्या दिवशीच शेत वाफशावर येत नाही, आणि फार दिवस पाण्यात राहून जी मुळे कुजली ती शेत वाळल्यावरही पुन्हा फुटत नाहीत. पडद्याचेही तसेच आहे. सूज उतरायला वेळ लागतो, आणि सूज जितकी जुनी होत जाईल तितक्या कायमच्या निकामी होणाऱ्या पेशी वाढतात. दोन इंजेक्शनांनंतर नजरेत फरक जाणवला नाही यावरून औषध निरुपयोगी ठरले, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही. त्याचप्रमाणे नजर पूर्वीसारखी होईलच, असे आश्वासनही कोणा प्रामाणिक डॉक्टरला देता येणार नाही. काहींची नजर तक्त्यावर दोन-तीन ओळींनी सुधारते, काहींची आहे तिथे टिकते. टिकणे हाही उपचाराचा मोठा लाभ आहे, कारण उपचार न घेतलेल्या डोळ्याची मधली नजर बहुधा वर्षागणिक खालावत जाते. हे पहिल्या दिवशीच तुम्हाला नीट समजावून सांगायला हवे होते. अनेक ठिकाणी गर्दीपायी ते राहून जाते, आणि मग तीन-चार महिन्यांनी घरची माणसे निराश होऊन उपचार सोडतात. माझ्या अनुभवात या उपचारात डोळ्याचे सर्वाधिक नुकसान असे मध्येच सोडल्यामुळे होते.

एकूण किती इंजेक्शने लागतील, हे तुम्ही पत्रात विचारलेले नाही. पण पैशांचा हिशेब करणाऱ्या प्रत्येक घराच्या मनात हा प्रश्न असतो. मधुमेहामुळे आलेल्या सुजेवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१० पासून प्रसिद्ध होत गेलेल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्णांना पहिल्या वर्षी साधारण आठ-नऊ इंजेक्शने लागली, दुसऱ्या वर्षी दोन-तीन, तिसऱ्या वर्षी एक-दोन, आणि पुढे अनेकांना एकही लागले नाही. म्हणजे खर्चाचा आणि फेऱ्यांचा मोठा भार पहिल्या वर्षात असतो आणि नंतर तो झपाट्याने कमी होतो. वार्धक्यामुळे पडद्यात नव्या वाहिन्या फुटतात त्या आजारात इंजेक्शने अधिक काळ चालू ठेवावी लागतात. सासूबाईंच्या आजाराची गोष्ट वेगळी आहे, तेव्हा कोणी त्या दुसऱ्या आजाराचा दाखला देऊन ‘हे जन्मभर सुटणार नाही’ असे सांगितले तर ते मनावर घेऊ नका.

औषध लागू पडते आहे की नाही हे ठरवायचे ते ओसीटी स्कॅनवरून. या तपासणीत डोळ्याला काहीही टोचत नाहीत. यंत्रासमोर हनुवटी टेकवून काही क्षण बसायचे असते, आणि पडद्याचा उभा छेद चित्रात दिसतो. मध्यभागाची जाडी किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे, हेही त्यावर छापलेले असते. पहिल्या इंजेक्शनपूर्वीचा आणि आताचा असे दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून दाखवा, अशी डॉक्टरांना विनंती करा आणि दोन्हींच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. नजर तीच असली आणि जाडीचा आकडा उतरत असला तर उपचार योग्य मार्गावर आहे. पाच-सहा इंजेक्शने वेळेवर होऊनही आकडा हलला नाही तर मात्र मार्ग बदलण्याविषयी बोलायला हवे. तेव्हा दुसरे व्हीईजीएफरोधी औषध देता येते, डोळ्यात काही महिने हळूहळू विरघळणारे स्टिरॉइडचे रोपण करता येते किंवा निवडक जागी लेसर करता येतो. स्टिरॉइडमुळे मोतीबिंदू लवकर वाढतो आणि डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून घरात कोणाला काचबिंदू असेल तर ते आधी सांगावे.

आता त्या लालीविषयी. इंजेक्शनची सुई बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून आत जाते. तिथल्या वरच्या पातळ आवरणातली एखादी बारीक वाहिनी दुखावली तर थोडे रक्त आवरणाखाली पसरते आणि पांढरा भाग लालभडक दिसतो. दिसायला ते भयंकर असते, पण दुखत नसेल आणि नजर पूर्वीइतकीच असेल तर ते निरुपद्रवी असते आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप जाते. त्या दिवशी संध्याकाळी डोळा चुरचुरतो, तो बहुतेक वेळा इंजेक्शनपूर्वी डोळा निर्जंतुक करण्यासाठी वापरलेल्या पोव्हिडोन आयोडीनमुळे. एखाद-दोन दिवस काळे ठिपके किंवा गोल बुडबुडे तरंगताना दिसणेही नेहमीचे आहे.

भिण्यासारखी गोष्ट वेगळी आहे आणि ती घरातल्या प्रत्येकाला माहीत असावी. इंजेक्शननंतरच्या पहिल्या आठवड्यात, बहुधा दुसऱ्या दिवसापासून पुढे, डोळ्यातले दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, उजेड सहन होईना, लाली वाढली आणि नजर धूसर होत चालली तर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाल्याची शंका घ्यावी लागते. साधारण दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे एखाद्या वेळी असे घडते. प्रमाण कमी असले तरी त्यात एका दिवसाच्या विलंबाने डोळा जाऊ शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता, घरात उरलेले थेंब घालून न पाहता, त्याच रात्री गाडी करून कोल्हापूर किंवा बेळगाव, जिथे पडद्याचे डॉक्टर उपलब्ध असतील तिथे निघावे. डोळ्यासमोर विजेसारख्या रेघा चमकू लागल्या किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार आला तरी हेच करावे. इंजेक्शनच्या दिवशीच दवाखान्याचा रात्री लागणारा फोन नंबर लिहून घ्या. दोन-तीन दिवस डोळा चोळू नये आणि डोक्यावरून पाणी घेऊ नये, इतके पथ्य पाळले की पुरे. डोळा आलेला असेल किंवा पापणीवर रांजणवाडी असेल तर मात्र ते आधी सांगावे, कारण तेव्हा इंजेक्शन पुढे ढकलणे इष्ट असते.

शेजाऱ्यांनी मोबाइलवर जे वाचले ते खरे आहे, पण अर्धेच. बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखणे हे त्याचे काम, आणि डोळ्यातही तशाच वाहिन्यांचा उपद्रव असल्याने २००५ पासून नेत्रतज्ज्ञ ते वापरू लागले. कर्करोगात ते शेकडो मिलिग्रॅम शिरेतून देतात. डोळ्यात एका वेळी सव्वा मिलिग्रॅम, तेही एका मिलिलिटरच्या विसाव्या भागात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये डोळ्यांच्या उपचारासाठी ते आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. तेव्हा सासूबाईंवर कोणी प्रयोग करत आहे, अशी भीती बाळगू नका. खास डोळ्यासाठी बनवलेली औषधेही आहेत : रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये आणि अफ्लिबरसेप्ट २०११ मध्ये आले, तर २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबची भारतीय आवृत्ती निघाल्याने मूळ विदेशी औषधापेक्षा कमी दरात ते मिळू लागले. बेव्हॅसिझुमॅब या सर्वांत स्वस्त आहे.

मग स्वस्त घेतले तर डोळ्यावर अन्याय होतो का? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, ६६० रुग्णांच्या अभ्यासात ही तिन्ही औषधे शेजारी ठेवून पाहिली गेली. ज्यांची नजर सुरुवातीला थोडीच कमी झाली होती त्यांच्यात फरक आढळला नाही. ज्यांची नजर ६/१५ (म्हणजे चांगल्या डोळ्याला १५ मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरूनच दिसणे) किंवा त्याहून कमी होती त्यांना अफ्लिबरसेप्टचा लाभ अधिक झाला. त्यानंतर २०२२ मध्ये आणखी एक अभ्यास आला. त्यात तशाच कमी नजरेच्या रुग्णांपैकी काहींना पहिल्यापासून अफ्लिबरसेप्ट दिले आणि काहींना आधी बेव्हॅसिझुमॅब देऊन, पुरेसा गुण आला नाही तरच, औषध बदलले. दोन वर्षांनी दोन्ही गटांची नजर जवळपास सारखीच होती. मात्र स्वस्त औषधाने सुरुवात केलेल्यांपैकी ७० टक्के डोळ्यांत पुढे औषध बदलावे लागले. माझे मत असे की ज्या घरात महागडे औषध दोन-तीन वेळा घेऊन पैसे संपण्याची शक्यता आहे, तिथे स्वस्त औषध वेळच्या वेळी घ्यावे आणि ते अपुरे पडल्याचे स्कॅनवर दिसले तर बदलाची तयारी ठेवावी. स्वस्त औषधाबाबत एकच काळजी आहे. त्याची कर्करोगासाठीची मोठी कुपी अनेक लहान मात्रांत विभागली जाते, आणि ही विभागणी निर्जंतुक पद्धतीने झाली नाही तर एकाच दिवशी अनेकांच्या डोळ्यांना संसर्ग होऊ शकतो. अशा घटनांनंतर २०१६ च्या जानेवारीत देशाच्या औषध नियंत्रकांनी त्याच्या डोळ्यातील वापराविरुद्ध इशारा दिला होता. नेत्रतज्ज्ञांशी चर्चा झाल्यावर तो काही आठवड्यांनी मागे घेण्यात आला. तेव्हा ‘मात्रा कुठे भरली जाते?’ हे विचारायला संकोच करू नका, आणि पावतीवर औषधाचे नाव व बॅच नंबर मागून घ्या.

झाडपाल्याच्या थेंबांबद्दल मी थोडक्यात पण निक्षून सांगतो. पडदा डोळ्याच्या अगदी मागे असतो, आणि बाहेरून घातलेला रस, मध किंवा अर्क त्या सुजेपर्यंत पोहोचत नाही. डोळ्याच्या पुढच्या भागाला मात्र त्यातून जंतू लागू शकतात. मधुमेही माणसाच्या बुबुळाला झालेली जखम लवकर भरत नाही. आणून देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखवू नका, पण ती बाटली वापरू नका.

इंजेक्शन डोळ्यात देतात, पण पाझराचे मूळ रक्तात आहे. साखर आणि रक्तदाब काबूत ठेवल्याने पडद्याचा आजार लांबतो आणि त्याची गती मंदावते, हे १९९३ आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी निर्विवाद सिद्ध केले आहे. सासूबाईंची तीन महिन्यांची सरासरी साखर, लघवीतील प्रथिन, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. मूत्रपिंड थकले असेल किंवा रक्त कमी असेल तर पडद्याची सूजही हट्टी होते. शुगरच्या गोळ्यांची पाकिटे डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा, कारण पायोग्लिटाझोन नावाच्या गोळीने काहींची सूज वाढते. ती असेल तर बदलायची की नाही, हे दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवावे. आपल्या भागात ‘साखर बंद केली, आता गुळाचाच चहा घेतो’ असे मोठ्या समाधानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. गुळानेही रक्तातली साखर वाढते, तेव्हा या बाबतीत गुळाला सवलत नाही. गेल्या काही महिन्यांत त्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल तर तेही इंजेक्शनपूर्वी सांगणे अत्यावश्यक आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने थांबवू नये.

पैशांचे आणि कागदांचे आता पाहू. कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक ही योजना आहे. तिच्यात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, आणि रेषेवरील कुटुंबाला मान्य दराच्या ३० टक्के मदत मिळते. तातडीच्या नसलेल्या उपचारासाठी सरकारी रुग्णालयाची शिफारस चिठ्ठी लागते, म्हणून तालुका रुग्णालयातून किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातून सुरुवात करावी. महाराष्ट्र शासनानेही २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले. तुमचे गाव त्या यादीत आहे का, हे पाहून घ्या. दोन्हीकडे रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची माहिती देणारे कर्मचारी, बसतात. त्यांना ‘डोळ्याचे उपचार आहेत का?’ असे मोघम न विचारता, ‘पडद्याच्या सुजेचे हे इंजेक्शन, या नावाचे, योजनेत बसते का, आणि वर्षात किती वेळा?’ असे चिठ्ठी पुढे करून विचारा. त्यांचे उत्तर मिळेपर्यंत मात्र तिसरे इंजेक्शन अडवून ठेवू नका.

संमतीपत्राबाबत संकोच अजिबात नको. न कळलेल्या कागदावर सही किंवा अंगठा करायचा नसतो. बेळगावच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात मराठी बोलणाऱ्या परिचारिका आणि कर्मचारी असतात; त्यांच्यापैकी कोणाला तरी मजकूर मराठीत समजावून सांगायला लावा आणि मगच सासूबाईंना सही करू द्या. कोणता डोळा, कोणते औषध आणि कोणते धोके, या तीन गोष्टी त्यांच्या स्वतःच्या कानांवर मराठीत पडल्या पाहिजेत. त्या दिवशी उपाशी नेऊ नका. भूल केवळ थेंबांची असते, आणि नेहमीच्या गोळ्या घेऊन उपाशी राहिलेल्या मधुमेही माणसाची साखर वाटेतच उतरते. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळे काही तास दोन्ही डोळ्यांना अंधुक दिसेल, तेव्हा परतताना बसस्थानकावर त्यांना एकट्या सोडू नका.

सासूबाईंना माझा निरोप सांगा की नातवंडांच्या फीची त्यांची काळजी मला कळते. ज्या बाईने वर्षानुवर्षे बोटांच्या आणि डोळ्यांच्या बळावर घर चालवले तिला घरावर भार होण्याचा विचारही सोसत नाही. पण मधली नजर गेलेल्या माणसाला औषधाची गोळी ओळखण्यापासून इन्सुलिनची रेघ वाचण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला दुसऱ्याचा हात लागतो, आणि त्यासाठी घरातल्या कोणाची तरी मजुरी किंवा शाळा बुडते. हा खर्च कोणत्याही पावतीवर दिसत नाही. शिवाय त्यांचा डावा डोळाही त्याच शरीरातला आहे. त्याचा स्कॅन झाला नसेल तर या खेपेस करून घ्या, आणि घरी रोज सकाळी एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे आकडे वाचायला सांगा. रेघ वाकडी दिसली किंवा मधला आकडा पुसला गेला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा.

तिसऱ्या इंजेक्शनला दिरांना आवर्जून बरोबर न्या. दोन्ही स्कॅन त्यांनी डॉक्टरांसमोर बसून स्वतः पाहावेत आणि पैशांविषयीचे सगळे प्रश्न तिथेच विचारावेत. मधुमेही आईच्या मुलांना मधुमेहाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून त्यांनी आणि तुमच्या यजमानांनी आपल्या रक्तातील साखर तपासून घ्यावी. ती वाढलेली निघाली तर नजर कितीही स्वच्छ असली तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा पाहून घ्यावा, कारण या आजारात नजर कमी होऊ लागते त्याच्या कितीतरी आधीपासून पडद्यावर खुणा उमटलेल्या असतात.